बर्फवाल्याच्या पोरीची बिअर

...आणि मी मागितलं काय होतं? बर्फ! साधा बर्फ! विष नव्हतं हो मागितलं! एप्रिलचं ऊन, सायगॉनचं डांबर चपलेला चिकटतंय, घामाने सदरा पाठीला चिकटतोय, आणि अशात एक माणूस बिअरमध्ये बर्फ मागतो, तर त्याच्याकडे असं बघायचं? जसं काही मी भर दुकानात पायजमाच सोडला! नाही, तुम्हीच सांगा मंडळी. तुम्ही आत्ता बसलाय ना चौथ्या मावशीच्या ठेल्यावर, खाली प्लास्टिकचं बुटकं स्टूल, समोर ग्लास, त्या ग्लासात काय आहे? बिअर नंतर! आधी बर्फ! मुठीएवढा खडा, वरून बिअर, खडा विरघळत आला की मावशीची सून येते आणि चिमट्याने दुसरा टाकून जाते, न विचारता! विचारायचंय काय त्यात? श्वास घेऊ का, म्हणून कोणी विचारतं का?

आणि तो खडा कोणाचा? माझा! ह्या गल्लीत, कालव्यापलीकडच्या गल्लीत, शाळेमागच्या खानावळींत, जिथे जिथे ग्लासात काही खुळखुळतंय ते सगळं माझ्या मोटारसायकलवरून आलंय, गोणपाटात बांधून, पाठीला गारवा देत आणि चड्डी भिजवत. मी सहावा. नाव आहे मला, पण ते फक्त सरकारला माहीत. आमच्याकडे घरातल्या नंबरानेच हाक मारतात, त्यातही थोरल्याला म्हणतात दुसरा, पहिला कोणी नसतोच, म्हणजे सहावा तो खरा पाचवा... जाऊ द्या, त्यात शिरलो तर तुमची बिअर कोमट होईल. माझे वडीलही बर्फवाले. आमचे आप्पा. त्यांच्या वेळी मोठाल्या लाद्या यायच्या, त्या भाताच्या तुसात पुरून ठेवायच्या, गिऱ्हाईक आलं की करवतीने कापून द्यायच्या. आमचं घर बर्फावर उभं आहे हो! पोरगी झाली तेव्हा नाव काय ठेवलं मी? तुयेत! म्हणजे हिम! बर्फाचं आणखी काय करायचं माणसाने?

तर परवा, परवा म्हणजे झाले असतील बरेच दिवस, हा सातवा आला. माझा भाऊ नव्हे, दुसऱ्या घरातला सातवा. हा काय, हा बसलाय कोपऱ्यात, लाजतोय बघा. मोटारसायकलवर सवाऱ्या नेतो, त्यामुळे अख्ख्या सायगॉनच्या बातम्या ह्याच्या मागच्या सीटवर बसून येतात. म्हणाला, "सहाव्या, पुलापलीकडे बिअरचं नवं दुकान निघालंय. तिथेच गाळतात, तिथेच पाजतात. भिंतीतून नळ काढलेत नळ! गिऱ्हाईक तर विचारूच नकोस, सगळी चष्मेवाली." मी म्हणालो, "नळ असू दे नाहीतर धबधबा असू दे, बर्फ कोण घालतं त्यांना?" तर म्हणतो, "तेच तर! बर्फाची गाडी जाताना मी बघितलीच नाही." झालं! माझं डोकं चाललं. नवं दुकान, चष्मेवाली गिऱ्हाइकं, आणि बर्फवाला नाही! म्हटलं सहाव्या, देव आहे.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला. आमची ही, न्यान, म्हणाली, "अहो, लग्नाला चाललाय की कोर्टात?" मी म्हणालो, "धंद्याला." बर्फाची पेटी घेतली, त्यात नमुने घेतले: पोकळ नळीचे खडे, ठोकळे, चुरा, आणि एक खास पारदर्शक खडा, ज्यातून पेपर वाचता येतो असा. निघालो. न्यान दारात उभी राहून बघत होती, तोंडावर एक वेगळंच हसू. तेव्हा मला वाटलं, इस्त्रीचं कौतुक चाललंय. कसलं कौतुक! ते पुढे येईलच.

पुलापलीकडे ती जागा मला माहीत होती. पूर्वी शवपेट्यांचं दुकान होतं तिथे. म्हटलं चला, आधी आडवी झालेली माणसं न्यायचे, आता माणसं आडवी करतायत, धंदा तोच. आत गेलो तर काय... गारेगार! भिंतीतून खरंच नळ, एकाशेजारी एक, आणि वर काळ्या फळ्यावर खडूने नावं. आणि शांतता! अहो, बिअरचं दुकान आणि शांतता? कोणी ओरडत नाही, कोणी ग्लास भिडवून "यो!" म्हणत नाही, जमिनीवर शेंगांची टरफलं नाहीत, सगळे आपापला ग्लास घेऊन बसलेत आणि त्यात नाक घालून हुंगतायत. आमच्याकडे मासळी अशी हुंगतात, शिळी आहे का बघायला!

समोर गल्ल्यामागे एक पोरगी पाठमोरी उभी, नळ पुसत होती. मी पेटी खाली ठेवली, घसा खाकरला, म्हणालो, "ताई, तुमच्याकडे बर्फ कोण घालतं?"

पोरगी वळली.

तुयेत!

माझी तुयेत! बँकेतली तुयेत! जी रोज सकाळी बँकेचा गणवेश घालून, केस बांधून, आईच्या हातचा डबा घेऊन घरातून निघते ती! जिच्या नोकरीमुळे गल्लीत मला लोक "बँकवाल्या पोरीचा बाप" म्हणतात ती! आणि बँकेचा गणवेश कुठे? मागे खुंटीला! लटकतोय! इस्त्रीसकट!

आता मला सांगा, अशा वेळी बापाने काय करायचं? ओरडायचं? ओरडायलाच तोंड उघडलं होतं मी, पण सगळे चष्मे माझ्याकडे वळले ना! आणि पोरीचा चेहरा असा पांढराफटक, की तिच्या नावाचा अर्थ कोणालाही विचारावा लागू नये. त्या चेहऱ्याकडे बघितलं आणि उघडलेलं तोंड मिटून घेतलं. तीही माझीच पोर, सावरली. म्हणाली, "या... बसा ना, काका."

काका! मला! जिला मी शाळेत सोडताना बर्फाच्या गोणीवर बसवून न्यायचो आणि जिची चड्डी ओली झाली म्हणून बाई मला रागवायच्या, ती मला म्हणते काका! मग मीही इरेला पेटलो. म्हणालो, "बसतो, ताई." आणि बसलो. शेजारी एक दाढीवाला तरुण कॉम्प्युटर उघडून बसला होता, त्याने सरकून जागा दिली. आणि आमचं सुरू झालं. बाप-लेक, जन्माची ओळख नसल्यासारखे!

"थोडं थोडं चवीला देते, काका. मग आवडेल ते सांगा." असं म्हणून तिने एक फळी आणली. फळीला भोकं, भोकांत ग्लास. ग्लास कसले, खोकल्याच्या औषधाची टोपणं! मी फळी उचलून खाली बघितलं. म्हणाली, "काय बघताय?" म्हटलं, "उरलेली बिअर कुठाय?"

"पहिली ही, पपनसाच्या फुलांची. आधी जरा वास घ्या, मग..." आता तुम्हाला आपली रीत ठाऊक आहे. हातात ग्लास आला आणि कोणाशी भिडवला नाही तर ते काय पिणं झालं? एकट्याने औषध घेतात! मी दाढीवाल्याच्या ग्लासाला खाडकन ग्लास भिडवला आणि ओरडलो, "एक, दोन, तीन... यो! शंभर टक्के!" आणि तळ दाखवला. बिचारा दचकला, त्याची अर्धी बिअर कॉम्प्युटरवर. तुयेतचं वाक्य अजून 'मग'वरच होतं. म्हणाली, "कशी वाटली?" मी म्हणालो, "कोण?"

दुसरी चिंचेची. तोंडात घातली आणि माझे दोन्ही कान हलले. एवढी आंबट! मी हळूच पुढे वाकलो, चारचौघांत पोरीची अब्रू जायला नको, कुजबुजलो, "ताई, ही नासलीये. ओतून टाका, कोणाला कळणार नाही."

"मुद्दाम आंबट केलीये, काका."

"मुद्दाम? भात आंबला तर तुझी आई शेजारणीच्या कोंबड्यांना... म्हणजे, कोणाचीही आई! कोणाचीही आई कोंबड्यांना घालते! आणि तुम्ही मुद्दाम?"

दाढीवाला म्हणतो, "मला तीच सगळ्यांत आवडते." मी त्याच्याकडे बघितलं. म्हटलं, ह्याच्या घरी कोंबड्या उपाशी असणार.

तिसरी काळीकुट्ट. कॉफीची. आता कॉफीत तर आपण सायगॉनची माणसं जन्मलो आणि बुडालो. मी खूष, पुन्हा "यो!", पुन्हा तळ! तुयेत ओरडली, "हळू! ही फार जोरदार आहे!" पण हे ऐकू येईपर्यंत ती जोरदार माझ्या गुडघ्यांत पोचली होती. फळ्यावरची नावं जरा पोहायला लागली. घाम फुटला. आणि त्या घामात, मंडळी, मी अगदी सभ्यपणे, अगदी हळू आवाजात म्हणालो, "ताई, जरा बर्फ द्या."

अख्खं दुकान थांबलं. खरंच सांगतो, हुंगणारी नाकं जिथल्या तिथे थांबली.

"बर्फ नाही, काका," ती म्हणाली. "आमच्याकडे बर्फ घालत नाहीत."

"नाही तर नाही, माझ्याकडे आहे!" मी पेटी उघडली, तो पेपर वाचायचा खडा उचलला आणि चौथ्या ग्लासाकडे नेला... तर पोरीने ग्लासावर तळहात ठेवला! माझ्या हातात बर्फ, तिचा हात ग्लासावर, आणि बर्फाचं पाणी तिच्या बोटांवर ठिबकतंय. म्हणाली, "चव मरते त्याने. बिअर खराब असली तरच बर्फ लागतो, काका. बर्फ लपवतो सगळं."

"बर्फ मागितला, विष नाही मागितलं!" मी ओरडलोच शेवटी. "म्हणजे आमच्या आप्पांनी जन्मभर काय लोकांची खराब बिअर लपवली? त्याच बर्फावर तुझी शाळा झाली, कॉलेज झालं, तुझे दात सरळ झाले..."

दाढीवाला हळूच विचारतो, "काकांशी ओळख आहे का तुमची?" आम्ही दोघं एकदम ओरडलो, "नाही!"

आणि मग, मंडळी... थांबा, एक घोट घेतो. हं. तर तिने हात काढला नाही, दुसऱ्या हाताने फळीवरचा शेवटचा ग्लास पुढे सरकवला. आवाज एकदम बारीक. म्हणाली, "एवढी एक बघा. बर्फाशिवाय. यो न करता. मग वाटलं तर ओरडा." मी फळ्यावर नाव बघितलं. त्या बिअरचं नाव काय लिहिलं होतं? 'आजोबा'.

मी ग्लास उचलला. तोंडाशी नेता नेता नाकात वास गेला... आणि मी तुम्हाला काय सांगू? तूस! भाताचं तूस! भाजलेला तांदूळ आणि तूस! आमच्या शेडमध्ये आप्पा लादी बाहेर काढायचे ना, तुसाचा गार, ओलसर वास उठायचा, आणि ही एवढीशी तुयेत त्यांच्या धोतरासारख्या त्या ढगळ पायजम्याला धरून उभी असायची, आणि ते करवतीखाली उडालेला चुरा हातावर घेऊन हिला चाटायला द्यायचे. पोरीने तो वास ग्लासात भरला होता! कसा भरला तिला ठाऊक. मी एक घोट घेतला. मग अजून एक, लहान. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? आप्पा गेल्यापासून तो वास मला कुठे भेटला नव्हता.

आणि त्यात बर्फ नव्हता. आणि... आता हे चौथ्या मावशीच्या कानावर जाता कामा नये, हात जोडतो... आणि नकोच होता. बर्फवाल्याचा मुलगा, बर्फवाला, आणि मला बर्फाशिवायची बिअर आवडली! हे मी कोणाला सांगू? न्यानला? ह्या सातव्याला? मी ग्लास खाली ठेवला, पेटी उचलली, म्हणालो, "ठीक आहे, ताई," आणि निघून आलो. ठीक आहे! एवढंच! पोरगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मला दुसरा शब्द सापडेना.

संध्याकाळी घरी सगळे जेवायला बसलो. तुयेत गणवेशात. मी म्हणालो, "काय म्हणते बँक?" ती म्हणाली, "ठीक आहे." न्यानने भाताचा डाव ठेवला आणि म्हणाली, "पुरे झालं आता दोघांचं! काका काय, ताई काय!" म्हणजे? हिला माहीत! म्हणाली, "अहो, पोरगी बँकेतून येते तर अंगाला पेजेचा वास कसा येईल? मी पहिल्याच आठवड्यात मागोमाग जाऊन बघून आले, बँक सोडून स्वतःचं दुकान काढलंय तिने. चिंचेची बरी करते." चिंचेची! घरात माझ्याशिवाय सगळ्यांनी प्यायली होती! आणि सकाळी मी इस्त्री करून निघालो, तर ही दारात उभी राहून हसत होती!

आता प्रश्न आमच्यापुरता असता तर मिटला असता. पण आमच्या घरात एक तिसरी आहे. माझी थोरली बहीण. तिसरी ताई. तिच्यापुढे पोलीससुद्धा हेल्मेट काढून बोलतो. तिला कोणी सांगितलं? हा काय, हा बसलाय ना कोपऱ्यात, ह्याच्याच मागच्या सीटवर बसून ती बाजारात जाते! ताई आली ती बोलतच आली, "बँक सोडली? बिअर विकते? शवपेट्यांच्या दुकानात? आणि वर आप्पांचं नाव फळ्यावर लिहिते? बर्फाशिवाय! आप्पांना बर्फाशिवाय!" तुयेत म्हणाली, "आत्या, मी ती आजोबांसाठीच केलीये. परवा त्यांच्या श्राद्धाला देव्हाऱ्यावर ठेवणार आहे." ताई म्हणाली, "ठेव की! आपण आप्पांनाच विचारू. कौल लावू. हो म्हणाले तर चालव तुझं दुकान, मी एक शब्द बोलणार नाही. नाही म्हणाले तर सोमवारी बँकेत जाऊन साहेबाच्या पाया पडायचं. कबूल?" पोरीने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. पोरगी म्हणाली, "कबूल."

म्हणजे बघा, पोरीचं अख्खं आयुष्य दोन नाण्यांवर! मला रात्रभर... जाऊ द्या.

श्राद्धाच्या दिवशी सगळं गोत जमलं. नारळपाण्यात शिजवलेलं डुकराचं मटण, अंडी, भरल्या कारल्याचं सूप, भात, फळं. मध्ये आप्पांचा फोटो. फोटोसमोर तुयेतने स्वतः ग्लास ठेवला, 'आजोबा', सोनेरी, वर पातळ फेस, बर्फ नाही. उदबत्त्या लावल्या, अर्ध्या जळाल्या, आणि ताईने बशी आणि दोन नाणी माझ्या हातात दिली. मुलगा मी, कौल मी लावायचा. एक उताणं, एक पालथं पडलं तर हो. दोन्ही सारखी पडली तर नाही. आणि तीनदाच विचारायचं, त्याहून जास्त विचारलं तर मेलेला माणूसही वैतागतो.

मी मनात म्हणालो, आप्पा, तुमच्या नातीने केलीये, तुसाचा वास येतोय बघा, हो म्हणा. नाणी टाकली. दोन्ही उताणी! बायका म्हणाल्या, "हूं..." ताई म्हणाली, "हसतायत आप्पा. बर्फ कुठाय म्हणून हसतायत."

मी पुन्हा हात जोडले. आप्पा, हट्ट सोडा, मी चाखलीये, खरंच चांगली आहे, बर्फाशिवायच चांगली आहे. टाकली. दोन्ही पालथी! आता मात्र घरात कोणी हूं सुद्धा केलं नाही. तुयेतकडे बघितलं तर ती भिंतीला टेकून उभी, ओठ घट्ट मिटलेले. लहानपणी ताप आला की अशीच उभी राहायची, रडायचं नाही म्हणून. म्हटलं आप्पा, जन्मभर तुमच्या लाद्या वाहिल्या, एक दिवस खाडा केला नाही, एवढं एक तुम्हाला कळत नाही?

आणि मग माझ्याच डोक्यात आलं. आप्पा कधी बर्फाशिवाय प्यायले होते? तापात सुद्धा नाही! मी उठलो. ताई म्हणाली, "कुठे चाललास? मध्येच उठतात का?" मी दारातली पेटी उघडली, एक खडा उचलला, देव्हाऱ्याशी आलो. तुयेत पुढे आली, माझ्या हाताकडे बघितलं. मी म्हणालो, "पोरी, मला नकोय. पण त्यांना हवाय." मी तुम्हाला सांगतो, एवढं सोपं वाक्य त्या दिवशी दुकानात मला सुचलं असतं तर! तिने स्वतःच ग्लास माझ्यापुढे धरला. खडा आत गेला. तडतड तडतड... सगळ्या खोलीत तेवढाच आवाज. आप्पांच्या फोटोवर, माझी शपथ, हसू आलं. ताई म्हणते ते आरशाचं ऊन होतं. असेल.

तिसऱ्यांदा नाणी टाकली. हातच घामेजला होता, एक पडलं बशीत, उताणं. दुसरं बशीच्या काठावर आपटलं, खाली उडी मारली आणि गडगडत गडगडत मटणाच्या पातेल्याला वळसा घालून थेट न्यानच्या पायाशी गेलं. न्यान वाकली. बघितलं. आणि म्हणाली, "पालथं!" लगेच उचललंही!

कोणी बघितलं? तिने एकटीने! ताई म्हणाली, "दाखव." न्यान म्हणाली, "आता काय दाखवू, उचललं की!" अहो, ज्या बाईने पोरीची बँक माझ्यापासून लपवली, तिला एक नाणं काय जड आहे? ताईने न्यानकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, आणि मग तिने काय केलं असेल? आप्पांचा तो ग्लास उचलला आणि उदबत्ती विझायची वाट न बघता ओरडली, "एक, दोन, तीन... यो!" शंभर टक्के! आमची ताई! तळ दाखवला आणि म्हणाली, "तुसाचा वास येतोय. आप्पांचाच आहे." आणि पदर... नाही, बाहीने डोळे पुसले. तुयेत माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "बाबा!" काका नाही. बाबा! आता मला सांगा, बर्फाचं पाणी कुठलं आणि डोळ्यातलं कुठलं, काय कळणार होतं?

तर असं झालं. कथा संपली असती तर मी आज तुमच्यापुढे तक्रार करत बसलो असतो का?

अहो, सातव्याने अख्ख्या सायगॉनला सांगितलं! मागच्या सीटवरच्या प्रत्येक सवारीला! मेलेल्या आजोबांनी कौल दिला, बिअर बर्फासकटच प्यायची! आता दुकानाबाहेर बुटकी स्टुलं लागलीत. आमच्या गल्लीतली सगळी मंडळी तिथे जाते, दाढीवालासुद्धा आता "यो!" म्हणतो, कॉम्प्युटर घरी ठेवून येतो. बाकीच्या नळांना बर्फ नाही, ते पोरीने ऐकलं नाही ते नाहीच. पण 'आजोबा' फक्त बर्फासकट. फळ्यावर तसं लिहिलंय: 'घरच्यांचा कौल आहे, वाद घालू नये.' आणि बर्फ कोण घालतं? मी! रोज! त्या खुंटीला आता गणवेशाच्या जागी माझं गोणपाट लटकतं. धंदा वाढला, पोरगी खूष, ताई रविवारी येऊन गल्ल्यावर बसते.

आणि मी? मी दिवसभर अख्ख्या गावाला बर्फ घालतो, संध्याकाळी दमून पोरीच्या दुकानात जाऊन बसतो, आणि मनात एकच असतं: एक ग्लास, आजोबा, नुसती, बर्फाशिवाय, तो तुसाचा वास घेत, गप्प. बस! एवढंच मागणं! पण तुयेत स्वतः येते हो, इतक्या प्रेमाने, हातात चिमटा, चिमट्यात मुठीएवढा खडा, "बाबा, तुमच्यासाठी मोठा ठेवला होता!" आता त्या चेहऱ्याला नको म्हणायचं?

काल धीर केला. चारचौघांत. ग्लासावर तळहात ठेवला आणि म्हणालो, "राहू दे गं आज." सगळं दुकान थांबलं. आणि हा, हा कोपऱ्यात लाजून बसलाय ना, हा सातवा, हा ओरडला, "अरे सहाव्या! बर्फवाला तू, आप्पांचा मुलगा तू, कौल लावणारा तू, आणि नको काय म्हणतोस? बर्फ देतेय पोरगी, विष नाही देत!"

मी हात काढला.